नाणे घासू नका, हंडा फोडू नका : जुन्या नाण्यांविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

सुट्ट्या जवळ आल्या की त्याच त्या प्रश्नांची पत्रे येऊ लागतात. मुलांना घेऊन डिटेक्टरने नाणी शोधायची आहेत, कुठे जावे? शेतात नाणी निघाली, सांगावे की गप्प बसावे? आजीच्या डब्यातला रुपया चिंचेने चकचकीत केला, आता भाव किती येईल? यातली बरीच उत्तरे पूर्वी दिलेली आहेत. पण ऐकीव माहिती घरोघरी आधी पोहोचते आणि प्रश्न विचारायचे नुकसान झाल्यावर सुचते. म्हणून पुन्हा लिहितो.

प्रश्न : मेटल डिटेक्टर घेतला आहे. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. दोघांना घेऊन एखाद्या गडावर किंवा गावाबाहेरच्या पांढरीवर जुनी नाणी शोधायचा विचार आहे. परवानगी कुणाकडून घ्यायची?

गडावर आणि पांढरीवर जाऊ नका. हौशी माणसाला अशी परवानगी मिळत नाही. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्राचा कायदा लागू होतो, राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा. उत्खननाचा परवाना विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना मिळतो, तोही आराखडा तपासून. जो गड कोणत्याच यादीत नाही तो बहुधा वनखात्याच्या किंवा महसूल खात्याच्या जमिनीवर असतो, तेव्हा तिथेही खुरपे चालवायचा हक्क तुम्हाला नाही. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. तिथले नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत पडले आहे यावरून वस्तीचा काळ ठरतो. तुम्ही ते उपसून खिशात घातलेत की ती माहिती कायमची गेली, मागाहून कितीही पश्चात्ताप झाला तरी.

मुलांची हौस मात्र मोडू नका. स्वतःच्या परसात किंवा स्वतःच्या शेताच्या कोपऱ्यात सरावाची पट्टी तयार करा. साधारण पाच मीटर लांबीची जागा आधी डिटेक्टरने तपासून त्यातले खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे काढून टाका. मग हातभर अंतरावर एकेक वस्तू पुरा : ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर नाणी, त्यांच्या मध्ये एक लोखंडी खिळा, एक बाटलीचे झाकण आणि गुटख्याच्या पुडीचा चमकता कागद. प्रत्येक जागेचा नकाशा वहीत काढा. मुलांनी आवाज ऐकून आतली वस्तू सांगायची, मग वही उघडून ताडून पाहायचे. पुरायला सध्याचा एक रुपया एकटा वापरू नका. तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो, त्यामुळे यंत्र पडद्यावर त्याला लोखंडाच्या जवळचा आकडा देते आणि मुलांचा गोंधळ उडतो. सोबत पितळी रंगाचे पाच रुपये, दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे आणि एखादी तांब्याची चकती पुरा. जुनी तांब्याची नाणी कशी वाजतील याचा अंदाज त्या चकतीवरून येतो.

खणायची पद्धतही याच पट्टीवर शिकवा. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, जमिनीला समांतर, सावकाश फिरवायची. झोक्याच्या शेवटी हात वर उचलला जातो, तिथेच वस्तू निसटतात. आवाज मिळाला की आडवे आणि उभे असे दोन्ही बाजूंनी फिरवून नेमका बिंदू पकडा. त्या बिंदूपासून वीतभर लांब तीन बाजू कापा, चौथी जोडलेली ठेवून ढेकूळ उलटवा, वस्तू काढा, ढेकूळ परत बसवून दाबा. मोटारीची केबल, ठिबकची नळी, गॅसची लाइन कुठून गेली आहे हे माहीत नसेल तर खणूच नका. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झालेले आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. दुसऱ्याच्या शेतात जायचे तर मालकाची परवानगी लेखी हवी, आणि तिथे किंवा तुमच्याच परसात खरोखर जुने काही निघाले तर पुढचे विहिरीतल्या मडक्याविषयीचे उत्तर वाचल्याशिवाय एकही पाऊल टाकू नका.

प्रश्न : एक विक्रेता २० फूट खोलवरचे सोने आणि चांदी वेगवेगळी दाखवणारे यंत्र चार लाखांना देतो म्हणतो. घ्यावे का?

घेऊ नका.

डिटेक्टरची कॉइल जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूच्या वस्तूत त्यामुळे प्रवाह उठतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते. अंतर वाढले की हा प्रतिसाद फार झपाट्याने विरतो. रुपयाएवढे एकटे नाणे बऱ्या जमिनीत १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत कळते. मोठे भांडे त्याहून खोल कळते, पण वीस फूट नाही. हातात दोन दांड्या धरून ‘दूरवरचे सोने’ दाखवणारी यंत्रे धातू शोधतच नाहीत, त्यांचा काटा धरणाऱ्याच्या मनगटाबरोबर हलतो. पडद्यावरचा आकडाही धातूचे नाव सांगत नाही. तो वाहकता, आकार आणि जाडी यांचा मिळून आलेला अंदाज असतो. पातळ सोन्याची अंगठी आणि चुरगळलेला अॅल्युमिनियमचा कागद एकाच आकड्यावर येऊ शकतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे काळी माती स्वतःच बोलते. कोकणातला जांभाही तसाच. म्हणून यंत्रात ग्राउंड बॅलन्स जुळवायची सोय असलीच पाहिजे. धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबून कॉइल जमिनीपासून तीन ते तीस सेंटिमीटरपर्यंत वर-खाली करा, आवाज सपाट होईपर्यंत. जमीन बदलली की पुन्हा जुळवा. विजेची तार, झटका कुंपण किंवा मोबाइल जवळ असेल तर यंत्र विनाकारण किरकिरते. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी कमी करा. शिकण्यासाठी साधे यंत्र पुरते. विकत घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच जमिनीत पुरलेले नाणे शोधून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीत व्हिक्टोरिया राणीचे ४० रुपये मिळाले. कलेक्टरना कळवावे लागेल का?

नाही, ती वारशाची नाणी आहेत. १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेल्या वस्तूंना लागू होतो. म्हणजे पेटीतल्या रुपयांना नाही, पण जुना वाडा पाडताना भिंतीत किंवा जोत्यात गाडगे निघाले तर त्याला लागू. वाटणी करण्याआधी यादी मात्र करा : साल, वजन, दोन्ही बाजूंचा फोटो, कुणाच्या पेटीतले.

प्रश्न : विहीर खोदताना जेसीबीला मडके लागले. आत चांदीची शे-सव्वाशे बारीक नाणी होती. आम्ही चौघा भावांनी वाटून घेतली, काही मजुरांनी नेली. थोरल्या भावाचे म्हणणे, सरकारला सांगितले तर सगळे जाते, हाती काही लागत नाही, त्यापेक्षा सोनाराकडे वितळवून मोकळे व्हावे. खरे काय?

वितळवू नका. हे उत्तर चौघा भावांनी एकत्र बसून वाचावे.

आधी कायदा, कारण त्याविषयीच सर्वांत जास्त अफवा आहेत. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला तर ज्याला तो सापडला त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते : काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. दहा रुपये हा मूळ कायद्यातला आकडा आहे, म्हणजे व्यवहारात चांदीचे एक नाणेही त्यात येते. निधी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. त्यानंतर जाहीर नोटीस निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडला त्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश जादा द्यावे लागतात. ‘सगळे जाते’ हे कायद्यात कुठेही नाही. न कळवल्यास मात्र वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जे जाण्याची भीती वाटते ते लपवल्यानेच जाते.

यात मजुरांचाही प्रश्न आहे. मडके आधी कुणाच्या हाताला लागले, यावर निधी कुणाला सापडला हे ठरते. त्यांना दमदाटी करून बाजूला सारलेत तर पहिली तक्रार त्यांच्याकडूनच जाईल, आणि ती रास्त असेल.

आता कायद्यापेक्षा मोठे कारण. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपान या शक क्षत्रपाच्या, म्हणजे शक राजाच्या, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती सुमारे १३,२५०. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने स्वतःचे ठसे पुन्हा मारलेले होते. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केल्याचे म्हटले आहे. राजाची स्तुती करणारा लेख म्हणून त्यावर शंका घेता आली असती. पण हरलेल्या राजाचे चलन जिंकणाऱ्याने हजारोंनी ताब्यात घेऊन आपल्या नावाने पुन्हा चालवले, याचा पुरावा त्या साठ्याने दिला. समजा तो साठा १९०६ मध्ये चार घरांत वाटला गेला असता आणि निम्मा सोनाराच्या मुशीत गेला असता. ठसा मारलेली दहा-वीस नाणी पुढे कधीतरी बाजारात आली असती आणि कुणीतरी त्यांना अपवाद समजून बाजूला ठेवले असते. ठसा मारलेली किती, न मारलेली किती, हे प्रमाण साठा एकत्र असल्यामुळेच कळले. हंडा म्हणजे सुटी पोथी आहे. पाने चार भावांत वाटली तर कुणाकडेच गोष्ट उरत नाही.

शिवाय महत्त्व फक्त नाण्यांचे नसते. मडक्याच्या खापरावरून, आतल्या मातीवरून, कापडाच्या तुकड्यावरून, तळाशी कोणती नाणी होती आणि वर कोणती यावरून साठा कधी पुरला गेला ते ठरते. साठ्यातले सर्वांत उशिराचे नाणे त्याच्या आधी तो पुरला गेला नव्हता हे सांगते, आणि नेमके ते एक नाणे कुणा मजुराच्या खिशात गेले असेल तर काळ चुकीचा निघतो. सोनार देईल तो फक्त चांदीचा भाव, त्यातही घट धरून. यांतले प्रत्येक नाणे लिहिते आहे आणि ते लिखाण आगीत जाते.

आता काय करायचे ते. वाटलेली सर्व नाणी, मजुरांकडचीही, परत एकत्र करा. कुणाकडे किती होती ते लिहून ठेवा. धुऊ नका, मोजताना घासू नका. मडक्याचे तुकडे उपशाच्या ढिगात असतील, ते शोधा आणि कापडी पिशवीत ठेवा. जागेचा गट नंबर, खोली, तारीख, हजर माणसे कागदावर आणा. विहिरीचे काम थांबवा, शेजारी दुसरे भांडेही असू शकते. मग दिवाणी कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या, उशीर का झाला ते खरे लिहा, प्रतीवर पोच घ्या. तहसीलदारांसमोर पंचनामा होईल तेव्हा नाण्यांची संख्या आणि एकूण वजन दोन्ही नोंदवून घ्या. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, रात्रीत शेत उकरायला माणसे येतात.

आणि ज्यांना उद्या असे काही सापडेल त्यांच्यासाठी : यंत्र थांबवा, हात लावण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, भांडे अख्खे असेल तर आतल्या मातीसकट कापडात बांधून उचला, आणि त्याच दिवशी तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला सांगून अर्ज लिहायला बसा. सल्ला विचारायला दोन महिने थांबू नका.

प्रश्न : पायाळू माणूस घेऊन आलेला एक मांत्रिक म्हणतो, आमच्या माजघराखाली सात हंडे आहेत. पूजेला ८० हजार मागतो.

थेट पोलीस ठाण्यात जा. गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. पायाळू माणसाला जमिनीखालचे दिसत नाही. घरात लहान मुले असतील तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : तांब्याची नाणी हिरवी-काळी पडली आहेत. चिंच, लिंबू-मीठ की भांड्यांची पावडर, कशाने साफ करावीत?

कशानेही नाही.

तांब्यावरचा काळपट, तपकिरी किंवा गर्द हिरवा घट्ट थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याचाच पृष्ठभाग शेकडो वर्षांत बदलून तयार झालेला तो थर असतो. पुष्कळदा अक्षरांचे बारकावे त्या थरातच शिल्लक असतात. चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल तो विरघळवते, मीठ त्यात क्लोराइड सोडते, आणि खाली उरते ती गुलाबी, खडबडीत, अक्षरे बोथट झालेली चकती. जाणकार ती पाहताच बाजूला सारतो. पावडर आणि ब्रश तर ओरखडेच पाडतात. चांदीवरची काळसर, निळसर झाक हीसुद्धा काढायची गोष्ट नाही. दागिने चमकवायच्या द्रावात बुडवलेला रुपया पांढराफटक पडतो आणि त्याची मूळ झळाळी परत येत नाही. चार्जरच्या तारा जोडून मिठाच्या पाण्यात नाणे ‘साफ’ करण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका. त्यात नाणे खड्डे पडून निघते, शिवाय मिठाच्या पाण्यातून क्लोरिन वायू सुटतो. खाद्यतेलात भिजवणेही नको, त्यातली आम्ले तांब्यावर हळूहळू काम करतात.

घरी करता येण्यासारखे एवढेच : घरातल्या साध्या नाण्याला माती चिकटली असेल तर काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाण्यात ते बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, तीन-चार दिवसांनी माती आपोआप सुटते. बाहेर काढून मऊ सुती कापडावर टेकवून टिपा, पुसू नका. सावलीत पूर्ण वाळू द्या. नळाचे पाणी वापरू नका, त्यात क्लोरिन आणि क्षार असतात.

एका गोष्टीत मात्र उशीर चालत नाही. नाण्यावर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी दिसली, ती नखाने सहज झडते आणि काही दिवसांनी पुन्हा येते, असे असेल तर तो रोग आहे. धातूत अडकलेले क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून तांबे आतून खातात. पावसाळ्यात तो वेग धरतो. असे नाणे लगेच वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि संग्रहालयाच्या रासायनिक जतन विभागाला दाखवा. त्यावर वापरायची रसायने घरी हाताळण्याजोगी नाहीत.

लक्ष्मीपूजनात जुने रुपये पंचामृताने धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे. दही, मध, हळद, कुंकू आणि मग घासणे, हे दरवर्षी. पूजेसाठी त्यातले दोन साधे रुपये कायमचे वेगळे काढा आणि बाकीच्यांना पाणी लावू नका.

प्रश्न : शिवराई खरी कशी ओळखावी? एकाने लाखाला मागितली आहे.

शिवराई म्हणजे शिवरायांच्या नावाचे तांब्याचे नाणे. तिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असते. चकती ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे संपूर्ण मजकूर क्वचितच उमटलेला दिसतो. कडेची अक्षरे कापली गेली म्हणून नाणे खोटे ठरत नाही. उलट सगळी अक्षरे, सगळे ठिपके मधोमध नीट बसलेले दिसले तर सावध व्हा. ओतून केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा मऊ असतात, भिंगाखाली बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसतात आणि कधी कडेवर साच्याची रेघ असते. ठोकून पाडलेल्या नाण्याची कड अनियमित आणि बहुधा किंचित फाटलेली असते. जुन्या जड शिवराया साधारण १२ ग्रॅमच्या आसपास भरतात, नंतरच्या दुदांडी (मजकुराच्या मध्ये दुहेरी रेघ असलेल्या) शिवराया साधारण ९ च्या आसपास. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि दहापट भिंग एवढे घरी असू द्या.

शिवराई शिवरायांच्या नंतरही, पेशवाईतही, त्याच नावाने मोठ्या संख्येने पाडली गेली. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, आणि साधी शिवराई लाखांत जात नाही, शेकड्यांत जाते. ठशाच्या दुर्मीळ प्रकारांना जास्त किंमत येते, पण ते प्रकार तज्ज्ञाने नाणे हातात घेऊन ठरवायचे असतात. सोन्याचा शिवकालीन होन कुणी ‘गरज आहे म्हणून स्वस्तात’ देत असेल तर तो खोटा समजा. अस्सल होन अतिशय मोजके आहेत आणि नकला ढिगाने आहेत.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे ‘एक आणा’, मागे राम दरबार. किंमत?

खेळण्याची. कंपनीने असे नाणे पाडलेले नाही. एक आण्याचे नाणे एडवर्ड सातव्याच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रथम चलनात आले, आणि ते कंगोरेदार कडेचे, तांबे-निकेलचे होते. १८१८, १७१७, १६१६ अशी सोयीची साले घातलेले, हनुमान किंवा लक्ष्मी असलेले हे तुकडे यात्रेत विकायला बनवले गेले. विकणारे सांगतात की कंपनीने देवांची नाणी पाडली होती. मद्रासेत विष्णूची मूर्ती असलेले सोन्याचे पॅगोडा कंपनीने पाडले, हे खरे आहे, पण ती साडेतीन ग्रॅमच्या आतली इवलीशी नाणी होती. त्यांचा तुमच्या जाड चकतीशी संबंध नाही.

प्रश्न : तांदूळ ओढणारे नाणे?

फसवणूक. चुंबक लावलेली चकती आणि लोहकण चोळलेले तांदूळ. ‘शास्त्रज्ञ तपासायला येणार’ म्हणून पैसे मागितले की तक्रार करा.

प्रश्न : वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे दहा लाखांना विकले जाते असा व्हिडिओ पाहून संपर्क केला. नोंदणीचे २,१०० भरले, आता जीएसटीचे १५,००० मागतात.

आणखी एक पैसाही भरू नका. ते नाणे २०१२ मध्ये देवस्थान मंडळाच्या रौप्य महोत्सवानिमित्त काढलेले आणि सर्रास चलनात असलेले आहे. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा खरा ग्राहक नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन कधीही मागत नाही. आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे गोठवायचे तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. स्क्रीनशॉट पुसू नका.

प्रश्न : चांदीचे रुपये मोडायचे आहेत. सगळ्यांत सारखीच चांदी असते का?

नाही. १८३५ पासूनच्या एकसारख्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध. हे प्रमाण १९३९ पर्यंत चालले. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, सुमारे ५.८ ग्रॅम. १९४६ आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी मुळीच नाही आणि तो चुंबकाला चिकटतो. तिन्ही प्रकार एकाच तराजूत टाकणाऱ्या सोनाराकडे जाऊ नका. मोडण्याआधी सालवार यादी करून जाणकाराला दाखवा. काही साले आणि काही ठसे चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त किमतीचे असतात. १९३९ चा रुपया निघाला तर आनंद करण्याआधी तपासणी करून घ्या, त्या सालाच्या नकला भरपूर आहेत. कडी डाखलेल्या नाण्याची कडी घरी काढू नका.

प्रश्न : अल्बममधली नाणी चिकट हिरवी झाली.

मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांमुळे. आजच बाहेर काढा. चिकटपणा शुद्ध अॅसिटोनमध्ये जातो, नेलपॉलिश काढायच्या द्रावाने नाही. काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळ ज्योत किंवा सिगारेट नको, मुलांना दूर ठेवा. नाणे दुर्मीळ वाटत असेल तर तेही करू नका, दाखवायला न्या. पुढे पॉलिएस्टरचे कप्पे किंवा खिडकीची पुठ्ठ्याची कार्डे वापरा. रबर बँड, वर्तमानपत्र, डांबराच्या गोळ्या आणि कच्च्या लाकडाची पेटी ही सगळी नाण्यांची शत्रू आहेत. स्टीलचे कपाट आणि सिलिका जेल पुरेसे, जेल पावसाळ्यात दर महिन्याला तपासून बदला.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाचीला पणजोबांचे १८६२ चे रुपये भेट म्हणून पाठवता येतील का?

नाही. १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. सामानात लपवून नेण्याचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांचे ऐकू नका. नाणे १०० वर्षांपेक्षा नवे आहे अशी खात्री असली तरी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा घ्या.

प्रश्न : नाणी ओळखून घ्यायला कुठे जावे?

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. विद्यापीठांचे पुरातत्त्व विभाग आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय हेही मार्ग आहेत. कुठेही जाण्याआधी वेळ ठरवून घ्या. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये आणि नाणे कुठून आले ते लिहा. फोटो आधी पाठवायचे असतील तर खिडकीतल्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजू आणि कड असे तीन काढा. एकाच व्यापाऱ्याने तोंडी सांगितलेली किंमत प्रमाण मानू नका, विशेषतः ओळखणारा आणि विकत घेणारा एकच माणूस असेल तेव्हा.